दुपारची दाढी

सासऱ्यांनी मिठाचा चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाले, "आज चहा झकास झाला होता हं, सूनबाई."

चूक तिचीच होती. तिच्या लेकीला, मुंगीला, दात येत होते, अख्खी रात्र तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालण्यात गेली होती, आणि सकाळी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिने साखरेऐवजी शेजारच्या डब्यात चमचा बुडवला. स्वतःचा कप तोंडाला लावला तेव्हा कळलं. घोट बेसिनमध्ये थुंकून ती वळली, तर सासरे तृप्त चेहऱ्याने वर्तमानपत्र उघडत होते.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. नवऱ्याने ती तशीच घेतली. पण तिच्या मनात गेले तीन आठवडे एक यादी चालू होती, आणि मिठाचा चहा त्या यादीत मुकाट्याने तिसरा जाऊन बसला.

पहिला नंबर दाढीचा. सासऱ्यांनी चाळीस वर्षं सलून चालवलं होतं. दुकान बंद केल्यावरही त्यांची सकाळची दाढी कधी चुकली नाही. सात वाजता, खिडकीशी, वाटीत ब्रश घोटून. हल्ली मात्र दुपारी तीनच्या सुमारास न्हाणीघरातून पुन्हा ब्रशचा तो खसखस आवाज येई. सकाळी तुळतुळीत केलेल्या चेहऱ्याला दुपारी पुन्हा साबण कशासाठी? तिला एकच उत्तर सुचत होतं, सकाळची दाढी आठवत नाही म्हणून. दुसरा नंबर करपलेल्या दुधाचा. ती सामान घेऊन परत आली तेव्हा जिन्यातच वास येत होता. भांडं काळंठिक्कर पडलेलं, आणि सासरे चार पावलांवर मुंगीला मांडीवर नाचवत बसलेले. "दूध?" त्यांनी विचारलं होतं. "कुठलं दूध?"

काळजी करणं हा तिचा स्वभावच. हिच्या डोक्यात घंटा बसवली आहे आणि ती कुणी शिंकलं तरी वाजते, असं नवरा म्हणायचा. पण या वेळी घंटेला कारण होतं. सोमवारी तिची बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपत होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली तिची खुर्ची तिची वाट बघत होती, पाळणाघरात जागा मिळायला अजून तीन महिने होते, आणि तोवर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मुंगी सासऱ्यांकडे राहणार हे कधीच ठरून गेलं होतं. मुंगी दहा महिन्यांची. जमिनीवर दिसेल ते, बटण म्हणू नका, कागदाचा कपटा म्हणू नका, मेलेली माशी म्हणू नका, चिमटीत धरून थेट तोंडात. नाव पडलं ते त्यावरूनच. अशा पोरीवर नजर ठेवणाऱ्याला सकाळचं दुपारी आठवत नसेल तर?

"मग विचार ना त्यांना," नवरा म्हणाला.

"काय विचारू? बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"असं नाही गं. जरा घोळवून विचार."

"तू घोळव. तुझे वडील आहेत."

तो मोजे शोधायला निघून गेला. मोजे त्याच्या पायातच होते.

रविवारी सासरे दाढीचा साबण करणार होते. दर दोन-तीन महिन्यांनी करायचे. दुकानात त्यांनी कधी दुसरा साबण वापरलाच नव्हता. विकतच्या डब्यातला फेस म्हणजे नुसता वारा, गालावर बसतो आणि वस्तरा यायच्या आत उडून जातो, असं त्यांचं मत. दुकान गेलं तरी जुनी गिऱ्हाइकं साबणाच्या डब्या न्यायला घरी येत. तिने मनाशी ठरवलं, हीच परीक्षा. साबण म्हणजे कॉस्टिक, कातडी जाळणारा क्षार, आणि कॉस्टिक म्हणजे मोजमाप आणि पायऱ्या. ज्याची आठवण दगा देते त्याचा इथे कुठेतरी पाय घसरणारच. एक जरी पायरी चुकली तर सोमवारी कामावर जायचं नाही. साहेबांना फोन करायचा आणि नोकरी राहो न राहो, घरी बसायचं.

"मला शिकायचंय," तिने सांगितलं.

सासरे खूश झाले. "मॅडमना आम्ही काय शिकवणार? तुमच्या कॉलेजात हे सगळं पुस्तकात असेल."

"पुस्तकात वास नसतो, बाबा."

त्यांनी वजनकाटा पुसायला घेतला.

मुंगी घराबाहेर गेल्याशिवाय माळ्यावरची कॉस्टिकची पेटी उघडायची नाही, हा त्यांचाच नियम होता. ती दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी त्यांनी केलेला. नवऱ्याने तिला टोपी घालून बाबागाडीत बसवलं. सासरे खिडकीत उभे राहून गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिले, आणि मगच गळ्यातल्या दोऱ्यातली किल्ली बाहेर काढली. हे तिने टिपून घेतलं. पहिली पायरी बरोबर.

पुढच्याही बरोबर. सगळ्या खिडक्या उघडल्या. कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांवर स्कूटर चालवायच्या काळातला जाड काचांचा चष्मा. कॉस्टिक सांडलंच तर पुसायला व्हिनेगरची बाटली हाताशी. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं म्हणून त्याचं एकही भांडं ओट्यावर नाही, सगळं स्टीलचं. पेटीतून दोन बरण्या निघाल्या, दोन्हींत सारखेच पांढरे पापुद्रे. एकीच्या मानेला लाल चिंधी बांधलेली.

"चिंधीवाला सोडा, बिनचिंधीचा पोटॅश. पोटॅशने फेस मऊ येतो, सोड्याने वडी घट्ट होते. दिसायला जुळे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा गेला की गिऱ्हाइकाच्या तोंडाची सालटी निघाली म्हणून समज."

"कधी गेलाय?"

"एकदा. लग्नाच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून चिंधी आहे."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची चिंधी आठवत होती तर. पण तिला माहीत होतं, जुनं आठवतंच माणसाला. जातं ते आजचं. म्हणून ती काट्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. या खेपेला ते नेहमीच्या दीडपट करणार होते, गिऱ्हाइकांची मागणी होती म्हणून. मेणबत्तीवाल्यांकडे मिळतात ते स्टिअरिकचे पांढरे दाणे, खोबरेल, थोडं एरंडेल. प्रत्येक वजन ते मोठ्याने उच्चारत आणि ती डोक्यात गुणाकार करून पडताळत होती. दीडपट करताना माणूस हमखास घसरतो. सासरे घसरले नाहीत. तिच्या हिशेबात आणि त्यांच्यात अडीच ग्रॅमचा फरक आला, तोही तेल जरा जास्त होण्याकडे, म्हणजे सुरक्षित बाजूला.

"पाण्यात कॉस्टिक," ते स्वतःशीच पुटपुटले, "कॉस्टिकवर पाणी कधीच नाही." हेच वाक्य तिला कॉलेजात पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलं होतं. पापुद्रे पाण्यात पडले, पातेलं गरम झालं, वाफेला ठसका होता. ती दोन पावलं मागे सरली. सासरे जागचे हलले नाहीत.

मोठ्या भांड्यात पाणी उकळत होतं, त्यात तेलाचं पातेलं बसवलेलं. दाणे वितळून तेलात मिसळले होते. त्यांनी कॉस्टिकचं पाणी बारीक धारेने सोडलं आणि सगळं एका क्षणात गोठून भिजवलेल्या पिठासारखं झालं. तिला वाटलं, बिघडलं.

"घाबरू नको. याचं असंच असतं. आधी रुसतो, मग ऐकतो." लाकडी उलथन्याने ते गोळा दाबत, उलटत राहिले. "आता दीड तास. अधूनमधून ढवळायचं, बाकी बसून राहायचं. दाढी काय आणि साबण काय, घाई केली की रक्त."

हळूहळू गोळा सैल पडला, मग मलमासारखा तुकतुकीत दिसायला लागला. तिच्या खांद्यांतला ताणही तसाच उतरत चालला होता. दीड तासात सासऱ्यांनी चार वेळा ढवळलं, प्रत्येक वेळी न सांगता. एकदाही, आपण काय करत होतो, असं विचारलं नाही. आपणच वेड्या, असं तिला वाटायला लागलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात दीड तास झाला. सासऱ्यांनी चमच्याच्या टोकावर कणभर साबण घेतला, फुंकर घालून निववला, ओल्या बोटावर चोळून जिभेच्या शेंड्याला लावला.

"हे कशाला?" तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"कॉस्टिक उरलं असेल तर जीभ सांगते. चावतो. नसेल तर नुसती साबणाची चव." त्यांनी जरा वेळ जीभ तशीच बाहेर ठेवली, वर घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाला."

ते डब्या आणायला आतल्या खोलीत गेले. तिने तोच चमचा उचलला. खरं तर गरज नव्हती. पण घंटा बसवलेली होती ना डोक्यात. तिने कणभर साबण जिभेला लावला.

झटका बसला. लहानपणी बॅटरीच्या सेलला जीभ लावून पाहायचे तसा, पण त्याहून तिखट. नळाखाली तोंड धरून तिने तीनदा चूळ भरली. साबण चावत होता. आणि सासरे म्हणाले होते, झाला.

तोंड पुसत ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला साहेबांना फोनवर काय सांगायचं त्याचे शब्दसुद्धा सुचायला लागले.

तेवढ्यात दार वाजलं. टेलरकाका होते. सासऱ्यांचे जुने मित्र, सलूनच्या शेजारी त्यांचं दुकान होतं. रोज अकराला येऊन बसायचे, आज रविवार म्हणून जरा उशिरा. नाक एवढं मोठं की सासरे म्हणत, याची दाढी करताना नाकाला वळसा घालायला वेगळा वेळ लागतो.

"झाला का रे साबण?" टेलरकाकांनी दारातूनच विचारलं. "माझी डबी भर आधी."

हा साबण काकांच्या तोंडाला लागला तर? ती पुढे होऊन काही बोलणार, तोच सासरे डब्यांची चळत घेऊन बाहेर आले.

"पुढच्या रविवारी ये."

"बघा, सूनबाई, बघा," काका खुर्चीत बसत म्हणाले. "पूर्वी हा माणूस दुसऱ्या दिवशी हातात डबी ठेवायचा. गेल्या थंडीत तापाने आडवा झाला तेव्हापासून हे आठ दिवसांचं खूळ घेतलंय. मी काय लोणचं मागतोय का मुरवलेलं?"

"तुझ्या गालाची काळजी," सासरे म्हणाले.

"माझ्या गालाची काळजी माझी बायको करत नाही, तू कशाला करतोस? आणि स्वतः काय करतो ते सांग ना सुनेला. परवा दुपारी आलो तर साहेब आरशासमोर. एका गालाला फेस, दुसरा कोरडा. मी म्हटलं, अर्धी दाढी कुठली फॅशन रे बाबा? मला हाकललं."

"तुला शिवायला काही काम नाही का आज?"

"मशीनचा पट्टा तुटलाय. नाही तर तुझं तोंड बघायला कोण येतंय." काका थोडा वेळ आणखी कुरकुरले, पाणी प्यायले आणि पट्टा आणायला गेले.

ती मात्र काका काय बोलले तिथेच अडकली होती. एक गाल. थंडीतला ताप. आठ दिवस. तिने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, कदाचित पहिल्यांदाच. उजवा गाल नेहमीसारखा. डाव्यावर, कानाच्या पुढे, बारीक लाली होती. गेल्या खेपेची उरलेली वडी ते अजून वापरत होते ना?

सासरे पहिल्या डबीचं झाकण काढत होते.

"बाबा, भरू नका," ती म्हणाली. "साबण चावतोय."

त्यांचा हात थांबला. "तू लावलास जिभेला?"

"हो."

"जोरात चावतोय की नुसता टोचतोय?"

"जोरात."

त्यांनी झाकण परत लावलं, गॅस थोडा मोठा केला, पातेल्यात उलथनं फिरवलं आणि मग स्टूल ओढून बसले. "दीडपट माल घेतला, वेळ मात्र जुनाच धरला. घड्याळाने फसवलं."

"जिभेने नाही?"

सासऱ्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "जीभ कुठली, सूनबाई. वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टा झालाय नुसता. त्या तापापासून. वासही नाही आणि चवही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून तरी निघालेली दिसत नाही."

"मग जिभेला लावता कशाला?"

"सवय. आणि आज तू बघत होतीस."

"आणि दुपारची दाढी?"

"ती गालाची परीक्षा. जीभ गेली, गाल तर आहे. प्रत्येक खेप आठ दिवस डाव्या गालाला लावतो. लाल झाला नाही तरच डब्या वाटायच्या. गेल्या खेपेचा जरा कडक निघाला, तीन आठवडे थांबून थांबून लावून पाहिला, आता परत शिजवणार आहे. उजवा राखून ठेवलाय. दोन्ही बिघडले असते तर तुला कळलं असतं."

ती ओट्याला टेकल्या टेकल्या खाली सरकली आणि फरशीवरच बसली. आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी, मग पुन्हा हसू. सासरे घाबरले.

"काय झालं? घशात गेलं की काय?"

"नाही. बाबा, मला वाटत होतं तुम्ही विसरता. सकाळची दाढी विसरता म्हणून दुपारी परत करता. तीन आठवडे मी तुमच्यावर नजर ठेवून आहे."

"मी विसरतो?" ते खरोखर दुखावले. "त्या दिवशी तुझ्या नवऱ्याने गॅसवर दूध ठेवलं आणि आंघोळीला गेला, मला न सांगता. विसरला कोण?"

"ते त्याने ठेवलं होतं?"

"विचार त्याला. मला वास कुठला येणार? म्हणून तर घरात कुणी नसेल तेव्हा मी गॅसला हातसुद्धा लावत नाही."

"आणि चहात मीठ होतं, बाबा. गुरुवारी. दोन चमचे."

सासऱ्यांनी पातेल्यात उलथनं एकदा फिरवलं. "तू रात्रभर जागी होतीस. म्हटलं, चांगलं म्हणावं."

"म्हणजे सहा महिने माझ्या स्वयंपाकाला झकास म्हणताय ते..."

"मनापासून म्हणतो. कसा असतो ते मात्र माहीत नाही."

आता दोघंही हसले. पण हसता हसता तिच्यातली आई जागी झाली, आणि तिने हसू आवरलं.

"हे मला सांगायला हवं होतं. उद्या बाटलीतलं दूध आंबलं असतं तर तुम्हाला कसं कळलं असतं?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "नसतं कळलं. सांगितलं असतं तर तू तिला माझ्याकडे ठेवली नसतीस असं वाटलं. शिवाय तुझा नवरा साबण बंद करायला लावणार, टेलर गावभर सांगणार. म्हातारपणी माणसाकडे दोन तर कामं. साबण आणि नात."

रागवायचं होतं, पण तिला रागवता येईना. तीन आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता आणि त्याच्या जागी फक्त एक अडचण उरली होती. अडचणीचं काय, ती सोडवता येते. प्रयोगशाळेत ती तेच करायची. तिथल्या तिथे बसून तिने ठरवलं. जाताना गॅस सिलिंडरपासूनच बंद. दर बाटलीवर तास लिहिलेली चिठ्ठी, तास उलटला की ओतून द्यायचं. आणि रोज अकराला एक भलंमोठं नाक आयतं घरी येतंच की.

"टेलरला सांगायचं?" सासरे धास्तावले.

"मी सांगते. तुम्ही फक्त त्यांच्या गालावर लक्ष ठेवा, ते तुमच्या दुधावर ठेवतील."

साबण आणखी पाऊण तास शिजला. दर पंधरा मिनिटांनी ती कणभर जिभेला लावी आणि सासरे तिच्या तोंडाकडे असे बघत, जणू डॉक्टर नाडी बघतोय. पहिल्या वेळी, "चावतोय." दुसऱ्या वेळी, "टोचतोय." तिसऱ्या वेळी तिने जीभ बाहेर काढून डोळे मिटले. वाट पाहिली. काहीच नाही. कडवट, बुळबुळीत, लहानपणी आंघोळीत तोंडात जायची तशी चव.

"नुसता साबण," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी ग्लिसरीन घातलं, एरंडेलाची शेवटची धार सोडली, आणि बारा डब्या भरल्या. बाबागाडी परत यायच्या आत पेटी माळ्यावर गेली, ओटा दोनदा पुसला गेला, आणि किल्ली गळ्यात परत गेली. मुंगी आली ती फरशीवरच्या कुठल्याशा कणाकडे झेपावत. सासऱ्यांनी तिच्याआधी तो उचलला. तिने हेही पाहिलं, पण यादीत घातलं नाही. ओट्यापाशी येऊन तिने नवऱ्याला फक्त विचारलं, "दूध कुणी ठेवलं होतं रे त्या दिवशी?" आणि तो पुन्हा मोजे शोधायला गेला.

सोमवारी सकाळी सासऱ्यांनी खिडकीशी नव्या डबीतला साबण घोटला. उंच खुर्चीत बसलेल्या मुंगीने फेसाकडे बोट दाखवलं. त्यांनी दोन्ही गाल माखले.

प्रयोगशाळेत तिने सव्वाअकरापर्यंत दम धरला. मग नळाचे सोळा नमुने तसेच ठेवून व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

फोन टेलरकाकांनी उचलला. "झोपली आहे. तुमचे सासरे तिच्या शेजारी बसलेत, श्वास मोजत. दुधाची बाटली मी हुंगली, ठीक आहे. नवाचं उरलेलं ओतून दिलं. एवढं मोठं नाक आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं."

"थँक्यू, काका."

"थँक्यूने भागत नाही, सूनबाई. नाक फुकट नाही मिळत. त्याला सांगा, मला आठ दिवस थांबवू नको."

ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकली. खाली रस्त्यावर कुणीतरी पाण्याचा टँकर उलटा घेत होतं. जिभेच्या शेंड्यावर कालची कडवट चव अजून जरा होती.

"आजच घेऊन जा," ती म्हणाली. "मी चाखलाय."